एबीएस गाडीचे ब्रेक ऑईल घरी बदलताना

आपले अनेक व्यापारी बंधू चादर-टॉवेलचे गठ्ठे घेऊन स्वतःच्या मोटारीने तुळजापूर, लातूरकडे ये-जा करतात. इंजिन ऑईल ते वेळेवर बदलतात; ब्रेक ऑईलकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. पातळी उतरली की थोडे ओतायचे आणि झाकण लावायचे, एवढीच देखभाल.

वास्तविक हे तेल नव्हेच. ते ग्लायकोल जातीचे द्रव असून हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 चे नवे ऑईल 230 अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही; त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. भरल्या गाडीने तुळजापूरचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकाजवळचे ऑईल तापते. ते उकळले तर वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. यात आपल्याबरोबर समोरून येणाऱ्याचीही जान जाते. म्हणून गाडीच्या पुस्तकातील मुदतीप्रमाणे, बहुधा दर दोन वर्षांनी, ऑईल बदलावे.

एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. चाक जाम होऊ लागताच ही यंत्रणा बारीक व्हॉल्व्हच्या साहाय्याने त्या चाकावरील दाब सेकंदाला अनेकदा कमी-जास्त करते. ‘एबीएसच्या गाडीला घरी हात लावू नये’ असे पुष्कळ मेस्त्री सांगतात. हे अर्धेच खरे आहे. ऑईलची टाकी एकदाही रिकामी झाली नाही, तर काम जुन्याच पद्धतीने होते. टाकी रिकामी होऊन एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली, तर मात्र स्कॅनर लावून आतील पंप व व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती सहसा निघत नाही.

गाडी सपाट जागी घोडीवर घ्यावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर नको. इग्निशन बंद असावे. टाकीतील जुने ऑईल पिचकारीने बरेचसे काढावे, तळ उघडा पडू देऊ नये, आणि लगेच सीलबंद डब्यातील नवे भरावे. चाकांचा क्रम पुस्तकात पाहावा. निपलला रिंग पाना व पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे. जोडीदाराने पेडल दाबून धरावे, आपण निपल सैल करावे, ऑईल आले की आवळावे आणि मगच ‘सोड’ म्हणावे. हा क्रम चुकला की हवा आत गेलीच. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकी भरावी. जुन्या गाडीचे पेडल पार तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातील गंजाने रबर फाटते. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवल्यास बरे.

झाकणावर लिहिलेलेच ऑईल घ्यावे. डॉट 5 हे सिलिकॉनचे असते. ते यात मुळीच घालू नये. इंजिन ऑईलचा थेंबही पडला तर रबरी सील फुगतात. ब्रेक ऑईल रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावे.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल दाबावे. ते स्पंजासारखे लागले किंवा एबीएसचा दिवा विझला नाही, तर गाडी रस्त्यावर न काढता स्कॅनर असलेल्या मेस्त्रीला घरी बोलवावे. विजेवर चालणारा ब्रेक बूस्टर असलेल्या व हायब्रिड गाड्या प्रथमपासूनच वर्कशॉपमध्ये न्याव्यात.