‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका : लहान मुलाचा विकास मागे पडतोय का, हे कसं ओळखावं?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिलीच्या वर्गात दरवर्षी एखादं तरी मूल असं येतं, ज्याच्याबद्दल आई दारातच सांगून ठेवते, “मॅडम, हा जरा शांत आहे. कमी बोलतो. त्याचे अब्बूसुद्धा उशिराच बोलले होते.”

काही वर्षांपूर्वी असाच सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्रास द्यायचा नाही, पण सांगितलेलं करायचाही नाही. शेजारच्याच्या वहीत बघून लिहायचा. मी दोनदा त्याच्या डायरीत ‘लक्ष देत नाही’ असं लिहून पाठवलं आणि त्याला मागच्या बाकावर बसवलं. सहामाही परीक्षेनंतर एक दिवस फळ्याकडे तोंड करून मी मुलांना पुस्तक बंद करायला सांगितलं. सगळ्यांनी केलं, त्याने केलं नाही. मी वळून पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता.

तपासणीत कळलं की त्याला दोन्ही कानांनी जन्मापासूनच फार कमी ऐकू येतं. कानाला मशीन लागलं तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता. घरच्यांनी हयगय केली नव्हती. दादीने दम करून आणलं होतं, नानीने नजर उतरवली होती, “बोलेल हळूहळू” हे सगळ्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं. आणि बीएड झालेल्या माझ्याही लक्षात यायला सहामाही उलटावी लागली. म्हणून हा लेख.

वाढ वेगळी, विकास वेगळा

बाळाचं वजन आणि उंची म्हणजे वाढ. मान धरणं, बसणं, चालणं, हाताने वस्तू पकडणं, हाकेला वळणं, बोलणं, दुसऱ्यांबरोबर खेळणं म्हणजे विकास. बाळ गुटगुटीत आहे, दूध नीट पितं, म्हणून त्याचे कान आणि बोलणं ठीकच असेल असं नाही.

प्रत्येक मूल आपल्या चालीने वाढतं हे खरं. कुणी दहाव्या महिन्यात पाऊल टाकतं, कुणी पंधराव्या. पण या पुढेमागे होण्यालाही एक मर्यादा असते. ती ओलांडली की वाट न बघता विचारायचं.

घाई का, तर पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वात वेगाने घडतो. कानावर शब्द पडलेच नाहीत तर मेंदू भाषा शिकणार कशी? म्हणून ऐकण्याच्या बाबतीत डॉक्टर एक-तीन-सहा असा हिशोब सांगतात : एक महिन्याच्या आत कानांची पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. माझ्या विद्यार्थ्याला मदत मिळाली ती सातव्या वर्षी.

कोणत्या वयात काय बघायचं?

• तीन महिने झाले तरी बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून हसत नाही, मोठ्या आवाजाने दचकत नाही.
• पाच महिने होऊनही मान धरत नाही. अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं.
• नऊ-दहा महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही, ‘बा-बा, दा-दा’ असे आवाज काढत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही.
• वर्षाचं झालं तरी टाटा, सलाम असे हाताचे इशारे करत नाही. किंवा वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरतं.
• दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, अर्थ असलेला एकही शब्द बोलत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
• दोन वर्षांचं झालं तरी ‘पानी दे’, ‘अम्मी आ’ असे दोन शब्द जोडत नाही.
• तीन वर्षांचं झालं तरी त्याचं बोलणं घराबाहेरच्यांना कळत नाही, इतर मुलांत रमत नाही.

आणि कोणत्याही वयात, आधी येणारे शब्द किंवा आधी जमणाऱ्या गोष्टी बंद झाल्या, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजतात. आणि यादीतली एखादी खूण दिसली म्हणजे आजार आहेच असं नाही. तपासून घेण्याएवढं कारण मिळालं, इतकंच समजा.

दोष दोन भाषांचा नाही

आपल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. घरात उर्दू, गल्लीत मराठी, कोकणात कोकणी, शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटलं की कुणीतरी सांगतं, “इतक्या भाषांनी गोंधळलंय, एकच बोला.” हे बरोबर नाही. दोन भाषा ऐकल्याने मूल मुकं राहत नाही. ते सुरुवातीला भाषा मिसळतं, ‘अम्मी, ते गिर गया’ असं बोलतं, आणि हे चालतं. मात्र शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. उर्दूत वीस आणि मराठीत पंधरा असतील तर मुलाकडे पस्तीस शब्द आहेत. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते.

आणि मुलाशी इंग्रजीतच बोलायचं म्हणून स्वतःची भाषा सोडू नका. जी भाषा तुम्ही मोकळेपणाने बोलता, तिच्यातच मुलाला जास्त बोलणं ऐकायला मिळतं.

घरात ऐकू येणारी काही वाक्यं

“थाळी वाजवली की वळतो, कान ठीक आहेत.” थाळीचा आवाज मोठा असतो. तो ऐकू येणाऱ्या मुलाला हळू बोललेले शब्द ऐकू येतीलच असं नाही. कानांची खात्री मशीनवरच होते. बेरा नावाच्या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का ते बघतात. त्यात सुई नाही, दुखत नाही.

“मुलगे उशिराच बोलतात.” मुलगे आणि मुली यांच्यात फरक असतो, पण थोडा. तेवढ्यावर दोन वर्षांचं गप्प मूल घरी बसवून ठेवू नये.

“मोबाइलवर सगळी गाणी पाठ आहेत.” गाणं पाठ असणं आणि पाणी मागता येणं यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको.

“आमच्या खानदानात असं काही नाही.” जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, घरात कुणी जन्मतः बहिरं असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. अशा घरांत काही आनुवंशिक त्रासांची शक्यता वाढते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण लपवल्याने निदान लांबतं.

आणि सूनबाईला दोष देणं बंद करा. दुआ चालू ठेवा, पण दवासुद्धा करा. आपल्याकडे दोन्हींची मनाई कधीच नव्हती.

मदत कुठे मिळते?

पहिली पायरी घराजवळच आहे. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. त्यांना फक्त लसीबद्दल न विचारता बोलण्या-चालण्याबद्दलही विचारा. लसीकरणाचं जे माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्याकडे आहे, त्यात कोणत्या वयात बाळाला काय यावं हेही दिलेलं असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतं. मूल अंगणवाडीऐवजी खासगी नर्सरीत जात असेल तर ही तपासणी राहून जाते. तेव्हा पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला विचारून मुलाला त्या दिवशी घेऊन जा.

पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये होतात. बालरोगतज्ज्ञ, कानांची तपासणी आणि स्पीच थेरपी, फिजिओथेरपी, मानसशास्त्रज्ञ अशी सोय एका छताखाली आणि मोफत मिळावी, यासाठीच ही केंद्रं आहेत. मुंबईजवळच्यांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच काम करते.

जाताना लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद आणि मुलाचे घरात खेळतानाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या. अनोळखी जागी मूल गप्प बसतं, व्हिडिओत ते जसं आहे तसं दिसतं. डॉक्टर “थोडं थांबू या” म्हणाले तर विचारा, “किती महिने थांबायचं, आणि त्यात काय दिसलं तर लगेच यायचं?” बोलण्याची अडचण असेल तर कानांची तपासणी मात्र मागून घ्या.

थेरपी आठवड्यातून एक-दोनदा होते, उरलेले दिवस घरातच जातात. म्हणून थेरपिस्टने दाखवलेलं रोज करा. पोळी लाटताना, अंघोळ घालताना मुलाशी बोला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, एक प्रश्न विचारून उत्तरासाठी थोडं थांबा. दादा-दादींनाही यात घ्या.

दिव्यांग प्रमाणपत्र लागणार असेल तर ते पुढे काढता येतं, उपचार सुरू करायला त्याची वाट बघू नका. शाळेची चिंताही नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

त्या मुलाचं बोलणं आजही पूर्ण स्पष्ट नाही. तो शिकतोय, हुशार आहे, पण हातची वर्षं परत आली नाहीत. त्याच्या धाकट्या बहिणीला मात्र आईने चौथ्या महिन्यातच तपासायला नेलं. तिलाही तोच त्रास निघाला, आणि वर्षाच्या आत मशीन लागलं. ती यंदा बालवाडीत आहे. तिच्या टीचरची एकच तक्रार येते, की ती वर्गात फार बोलते.