प्रश्न विचारणारे गुरू : सॉक्रेटिस आणि आगरकर



ग्रीसमधील अथेन्स नगरीचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याने एकही ग्रंथ लिहिला नाही. आपले अज्ञान ओळखणे ही ज्ञानाची पहिली पायरी, असे तो मानी. आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारून ऐकणाऱ्यासच विचार करावयास लावी. देवतांचा अनादर व तरुणांना बिघडविणे या आरोपांवरून इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्यास विषप्राशनाची शिक्षा झाली. तरी त्याने आपली रीत सोडली नाही.

हाच बाणा महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर यांनी दाखविला. टेंभू (जि. सातारा) येथे १८५६ मध्ये गरीब घरी जन्मलेल्या आगरकरांनी एम. ए. होऊनही शिक्षकाचा पेशा पत्करला. रूढी केवळ जुनी म्हणून मानू नये, बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, हे त्यांनी १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रातून मांडले. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली; पण ते डगमगले नाहीत. १८९५ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच ते निवर्तले.

आपल्या वर्गात एखादे मूल ‘असे का?’ म्हणून विचारते, तेव्हा त्यास गप्प बसविणे सोपे असते. तसे न करता ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. उत्तर चुकल्यास रागावू नये. पुढच्या प्रश्नाने त्याची चूक त्यालाच दिसू द्यावी. यास साहित्य लागत नाही, थोडा धीर मात्र लागतो.