बंगळुरी इंग्रजी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बंगळूरच्या गांधी बाजारातील एखाद्या जुन्या उपाहारगृहात दोन पेन्शनर समोरासमोर बसतात, त्यांतील एक जण पोऱ्याकडे न पाहताच ‘बाय टू काफी’ अशी आज्ञा सोडतो, आणि क्षणभराने एका पेल्याची कॉफी दोन लहान पेल्यांत समसमान विभागून मेजावर येते. ‘एक भागिले दोन’ या अपूर्णांकातून निघालेली ही बोली शेजारच्या मेजावरील, मुंबईहून नुकत्याच बदलून आलेल्या गृहस्थांच्या कानाला खटकते. आणि आपण स्वतः जन्मभर ‘कटिंग’ मागत आलो याचा साफ विसर पडून, ‘परमुलखात इंग्रजीची काय ही दशा!’ असा अभिप्राय देऊन ते मोकळे होतात. हा अभिप्राय ज्या समजुतींच्या आधारावर उभा असतो, त्या दप्तराशी ताडून पाहिल्या तर फारच थोड्या टिकतात.

गैरसमज : ‘प्रीपोन’ हा आपल्या कचेऱ्यांनी बनवलेला खोटा शब्द आहे.

वस्तुस्थिती : ठरलेली सभा अलीकडच्या तारखेला घेणे या अर्थाचा हा शब्द 1913 साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात एका गृहस्थाने, ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून, बुद्ध्याच सुचवला होता. आपल्याकडील शब्द त्या पत्रातूनच आला असे मात्र समजण्याचे कारण नाही. ‘पोस्ट’ काढून ‘प्री’ घालण्याची युक्ती दोन देशांत दोघांना सुचण्याजोगीच आहे. तो तिकडे रुजला नाही, इकडे रुजला, आणि आज ऑक्सफर्डच्या कोशात त्याची नोंद आहे.

गैरसमज : ‘डू द नीडफुल’ आणि ‘आउट ऑफ स्टेशन’ ही अर्धशिक्षित कारकुनांची इंग्रजी होय.

वस्तुस्थिती : पहिला प्रयोग अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज व्यापारी व अंमलदार आपल्या पत्रांत स्वतःच करीत असत, पुढे विलायतेत तो मागे पडला, आणि ‘योग्य ती तजवीज व्हावी’ अशा अर्जविनंत्यांना सरावलेल्या येथील दप्तरांत तो टिकून राहिला. दुसऱ्याची कथाही अशीच आहे. कंपनी सरकारचा अधिकारी ज्या ठाण्यावर नेमलेला असे ते त्याचे ‘स्टेशन’. 1809 साली वसवलेल्या बंगळूरच्या छावणीचे सरकारी नावच पुढे ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ असे होते. तेव्हा ज्याला आपण बिघडलेली इंग्रजी म्हणतो, ती पुष्कळदा पणजोबांच्या काळची, जशीच्या तशी जपून ठेवलेली इंग्रजी असते.

गैरसमज : ‘टिफिन’ हा मूळचा देशी शब्द आहे.

वस्तुस्थिती : 1785 साली फ्रान्सिस ग्रोज याने इंग्रजी ग्राम्य शब्दांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात जेवणाच्या वेळेखेरीज खाण्यापिण्याला ‘टिफिंग’ म्हटले आहे. तो शब्द हिंदुस्थानात आला, आणि मुंबईत त्याचा डबा झाला, तर बंगळुरात नाश्ता. 1924 साली ब्राह्मण कॉफी क्लब म्हणून सुरू झालेली, आणि 1960 पासून लालबागेजवळ मावळ्ळी टिफिन रूम्स या नावाने चालणारी संस्था इडली-डोसे वाढते. मुंबईकराने तेथे डब्याची चौकशी केली तर दोष शब्दाचा नव्हे.

गैरसमज : ‘को-ब्रदर’, ‘को-सिस्टर’ ही हास्यास्पद नाती आहेत.

वस्तुस्थिती : बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला मराठीत साडू आणि कन्नडात षड्डक म्हणतात, नवऱ्याच्या भावाच्या बायकोला आपण जाऊ म्हणतो, कन्नड माणूस वारगित्ति म्हणतो. इंग्रजीत या दोघांना सुटसुटीत असे एकेक नावच नाही. ज्या घरात ही नाती रोज पंक्तीला बसतात, त्या घराने पाहुण्या भाषेला हे शब्द शिकवले, यात हसण्यासारखे काय आहे?

गैरसमज : ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ ही नियमहीन खिचडी आहे.

वस्तुस्थिती : येथे ‘स्वल्प’ संस्कृत, ‘अ‍ॅडजस्ट’ इंग्रजी आणि ‘माडी’, म्हणजे ‘करा’, कन्नड, परंतु बांधणी सर्वस्वी कन्नडची आहे. परके क्रियापद मूळ रूपात घ्यावे आणि त्याला आपले ‘करणे’ जोडावे, हा नियम मराठीही ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणताना पाळते. कन्नडला शब्द स्वरान्त हवा, म्हणून बसचे ‘बस्सु’ आणि कारचे ‘कारु’ होते. आम्हांला प्रत्येक वस्तूचे लिंग ठरवल्यावाचून चैन पडत नाही, म्हणून आमची बस स्त्री झाली आणि टेबल नपुंसक.

गैरसमज : शब्द बिघडवतो तो केवळ पौर्वात्य.

वस्तुस्थिती : मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकला, आणि यूल व बर्नेल यांनी 1886 साली आपल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला तेच नाव दिले. आपला ‘विलायती’ शब्द इंग्रज सैनिकाच्या तोंडी ‘ब्लायटी’ झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत त्याचा अर्थ चक्क ‘मायदेश’ असा होऊन बसला. चालू शतकाच्या आरंभी तर, नोकरी परदेशी जाऊन बेकार झालेल्या माणसाला अमेरिकेत ‘बँगलोर्ड’ म्हणू लागले. या शहराचे नावच तेथे क्रियापद झाले.

परदेशस्थ ग्राहकाला पत्र लिहिताना त्याला समजेल तोच शब्द वापरावा, हे व्यवहाराचे भान हवेच. त्यापलीकडे या रूपांतराला दूषण देण्यात अर्थ नाही. 1638 साली शहाजीराजांची जहागीर झालेल्या या शहरात आपल्या परिचयाच्या ‘कचेरी’लाही नवा अर्थ लाभला आहे : कन्नडात कचेरी म्हणजे कार्यालय, आणि कचेरी म्हणजे गाण्याची बैठकही. म्हणून रामनवमीच्या दिवसांत बंगळुरी शेजाऱ्याने ‘संध्याकाळी कचेरीला चला’ असे म्हटले, तर वाचकहो, कागदपत्रे घरीच ठेवावीत. गाडी बहुधा चामराजपेठेतील फोर्ट हायस्कूलच्या पटांगणाकडे, संगीत ऐकायला निघालेली असते.