धुराड्यातील काजळी आणि ओल

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडीत येते. परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण पार पडते आणि वारकऱ्यांच्या सरबराईसाठी गावातील चुली एरवीपेक्षा अधिक वेळ पेटत्या राहतात. पहिल्या पावसाने सरपण भिजते तेही याच दिवसांत. मग धुराडे बसविलेल्या चुलीचाही धूर घरात परततो. गृहिणी चुलीला बोल लावते. दोष बहुधा धुराड्यात साचलेल्या काजळीचा असतो.

केंद्र शासनाने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये बंद झाला. चूल बसविण्यावर होता तेवढा भर तिच्या देखभालीवर राहिला नाही, असे म्हणणे भाग आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. तरीही आंघोळीचे पाणी आणि बाजरीची भाकरी अनेक घरांत आजही चुलीवरच होते.

लाकूड पूर्ण जळाले तर धूर जवळजवळ दिसत नाही. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. जाळ मंदावतो आणि न जळलेले डांबरी पदार्थ धुरातून वर जातात. धुराड्याची आतील बाजू थंड असली की ते वाफेसह तेथे गोठतात आणि काळा, चिकट थर धरतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. त्यावर काजळी बसत जाते, तीन-चार इंचांची नळी अरुंद होते, ओढ कमी पडते आणि जाळ आणखी मंदावतो. हा थर ज्वालाग्राही असतो. पाचटाच्या छपरातून गेलेल्या धुराड्यात तो पेटला तर घर वाचविणे कठीण. शिवाय पूर्ण वाळलेले एक किलो लाकूड जळतानाही सुमारे अर्धा किलो पाण्याची वाफ निर्माण होते. म्हणजे ओल केवळ पावसाचीच नसते.

उपाय साधे आहेत. बाभळीचा फाटा उन्हाळ्यातच फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असा रचावा व पावसाळ्यापूर्वी आडोशाला घ्यावा. ओले सरपण चुलीत कोंबून रात्रभर धुमसत ठेवू नये. धुराडे छपराच्या वर किमान तीन फूट न्यावे, त्यावर पत्र्याची टोपी बसवावी आणि छपराशी त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण विझल्यावर, चुलीच्या तोंडाशी ओले पोते लावून दोरीला बांधलेला काथ्याचा झुबका नळीतून वरखाली फिरवावा. पाऊस सुरू होण्यापूर्वी तर हे काम चुकवू नये. काम झाल्यावर उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर मार्ग मोकळा आहे.

छपरावर चढण्याचे हे काम गृहिणीच्या माथी मारणे योग्य नव्हे. ग्रामस्वच्छतेत नाव मिळविलेल्या काटेवाडीसारख्या गावाला गटारांबरोबर धुराड्यांचीही पाळी लावणे अवघड जाऊ नये. झुबका आणि दोर ग्रामपंचायतीत ठेवावा, शिडी कोणाकडेही मिळते.