बाटलीवरचा आकडा आणि चेहऱ्यावरचा डाग
आपली त्वचा : लेखांक ७

गेल्या आठवड्यात सनस्क्रीनवर लिहिलं, ते मुद्दाम या लेखाच्या आधी लिहिलं. आजच्या विषयाला त्याच्याशिवाय हात घालता येत नाही. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक ही नावं काही वर्षांपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच दिसायची. आता ती घरोघरी बाथरूमच्या फळीवर आहेत. ही आम्लं वाईट नाहीत. नीट वापरली तर त्यांच्याइतकी भरवशाची द्रव्यं प्रसाधनांच्या दुकानात फार थोडी सापडतील. पण त्यांच्याबद्दलची बहुतेक माहिती आपल्याकडे गोऱ्या कातडीच्या देशांतून जशीच्या तशी आली आहे, आणि आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेचा हिशेब वेगळा आहे. तो फरक कोणी सांगत नाही म्हणून हा लेख.

आधी आम्ल नेमकं करतं काय, ते पाहू. त्वचेचा अगदी वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकी, आणि तेवढ्यात दहा-वीस चपट्या पेशी एकीवर एक बसलेल्या असतात, केळीच्या खांबाची सोपटं बसतात तशा. खालून नवी पेशी निघते, वर सरकते, मरते, चपटी होते आणि शेवटी कोणाच्या लक्षातही न येता गळून पडते. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसे जास्त. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बारीक दुव्यांनी जोडलेल्या असतात, आणि हे दुवे तोडायला त्वचेतच विकरं असतात. ही विकरं मंदावली की मेलेल्या पेशी वेळेवर सुटत नाहीत. चेहरा निस्तेज आणि खरखरीत दिसतो, रंध्रांची तोंडं बुजतात.

आम्ल या दुव्यांची पकड सैल करतं, बस इतकंच. ते त्वचा ‘स्वच्छ’ करत नाही, ‘विष’ बाहेर काढत नाही आणि रंग गोरा करत नाही. जो डाग वरच्या थरात आहे तो पेशींबरोबर थोडा लवकर निघून जातो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा वाटतो.

आम्लांचं हे काम ध्यानात आलं तेही सौंदर्याच्या शोधात नव्हे. इक्थिओसिस नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात मेलेल्या पेशी गळतच नाहीत आणि अंगभर माशासारखे खवले धरतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी रुए यू या रुग्णांसाठी औषध शोधत होते. १९७४ साली त्यांनी दाखवून दिलं, की ग्लायकोलिक, लॅक्टिक यांसारखी आम्लं लावली तर हे खवले सुटतात, आणि ते अगदी तळाशी, जिवंत पेशींच्या लगत सुटू लागतात. सुरकुत्या आणि ‘ग्लो’ ही नंतरची गोष्ट. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्या त्वचेवर साचलेलं काही आहे त्यांच्यासाठी हे औषध आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या त्वचेवर साचलेलं काही नसतं. तिच्या पेशी आधीच झपाट्याने बदलत असतात. मुरुमं नसतील तर तिच्या हातात ही बाटली देण्याचं कारणच नाही.

सॅलिसिलिक आम्लाचं घराणं वेगळं. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात उतरू शकतं. ब्लॅकहेड, व्हाइटहेड आणि तेलकट कपाळ-नाकासाठी अर्धा ते दोन टक्के सॅलिसिलिक हा सरळ पर्याय आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. उरलेली बहुतेक आम्लं पाण्यात विरघळतात आणि पृष्ठभागावर काम करतात. त्यांच्यात ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान, म्हणून तो सर्वांत भराभर आत जातो आणि सर्वांत जास्त चुरचुरतो. लॅक्टिकचा त्याहून मोठा आणि मँडेलिकचा तर ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा. रेणू मोठा तसा शिरकाव संथ, आणि संथ शिरकाव आपल्या त्वचेच्या फायद्याचा. ग्लुकोनोलॅक्टोन त्याहूनही सौम्य. ज्यांचा चेहरा जरा काही लावलं की लाल होतो, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

आता बाटलीवरचा आकडा. दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के असे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि आपण मसाल्याच्या तिखटपणासारखी त्यांची तुलना करतो. पण तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. आम्लाचा जो भाग ‘मुक्त’ असतो, तोच त्वचेत शिरून काम करतो. बाकीचा भाग क्षाराच्या रूपात असतो आणि जवळपास निष्क्रिय राहतो. हे प्रमाण ठरतं द्रावणाच्या सामूवरून, म्हणजे पीएचवरून. ग्लायकोलिकचा सामू ३.८ असेल तर निम्मं आम्ल मुक्त असतं. तो ४.८ झाला की जेमतेम दहावा हिस्सा मुक्त उरतो, आणि २.८ वर आला की दहातले नऊ भाग मुक्त होतात. म्हणजे ३.८ सामूच्या दहा टक्के द्रावणात मुक्त आम्ल पाच टक्के, तर ४.८ सामूच्या तीस टक्के द्रावणात तीन टक्क्यांच्या आसपास. मोठ्या आकड्याची बाटली सौम्य आणि लहान आकड्याची जहाल, असं सहज होऊ शकतं. ज्या कंपनीने खोक्यावर किंवा माहितीपत्रकात सामू दिलेला नाही, तिचं आम्ल मी घेणार नाही. टक्केवारी सांगून सामू लपवणं म्हणजे ग्राहकाला अंधारात ठेवणं आहे.

अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिक यांची मर्यादा घालून दिली : दहा टक्क्यांपर्यंत, सामू ३.५ किंवा त्याहून जास्त, आणि सोबत उन्हापासून संरक्षण. पंचवीसहून अधिक वर्षं झाली, तरी घरासाठी याहून शहाणी मर्यादा मला दिसत नाही. त्यापुढची तीव्र ‘पील’ डॉक्टरांच्या हातात शोभते. अमेरिकेच्याच अन्न आणि औषध प्रशासनाने २०२४ मध्ये लोकांना बजावलं, की तीव्र आम्लांची पील घरी आणून स्वतःच्या मनाने वापरू नका. भाजल्याच्या, व्रण राहिल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या.

दही, लिंबू, टोमॅटो यांबद्दल प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगतंच, म्हणून त्यांचाही हिशेब करू. दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण एक टक्का, सामू साडेचारच्या आसपास. त्यात मुक्त आम्ल पाव टक्काही भरत नाही. दह्याने चेहरा मऊ वाटतो तो त्यातल्या स्निग्धांशामुळे आणि पाण्यामुळे. अपायही नाही, फार उपायही नाही. लिंबाचं मात्र तसं नाही. लिंबाच्या रसाचा सामू दोनाच्या जवळ असतो, निरोगी त्वचेचा साडेचार ते साडेपाच. शिवाय आपल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे काळे ओघळ महिनोन् महिने राहतात. लिंबू चेहऱ्यावर चोळू नका, हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

आता मूळ मुद्दा. काळी, सावळी, गोरी, कोणत्याही त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंगद्रव्य बनवतात, रंगकणांचा आकार केवढा आणि ते कसे पसरतात, यात. आपल्या रंगपेशी तत्पर असतात. त्वचेला कुठेही दाह झाला, मग तो मुरुमाने असो, डासाच्या चाव्याने असो की आम्लाने, त्या जादा रंगद्रव्य तयार करतात. गोऱ्या बाईच्या गालावर ग्लायकोलिकने आलेली लाली दोन दिवसांत ओसरते आणि ती विसरून जाते. तीच लाली आपल्या गालावर तपकिरी डाग ठेवून जाऊ शकते. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग काही महिन्यांत फिका होतो. ते खालच्या थरात उतरलं, तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्ष-दोन वर्षंही हटत नाही. डाग घालवायला आणलेलं आम्ल नवा डाग देऊन जातं, ते असं. म्हणून ‘थोडी आग झाली म्हणजे काम करतंय’ हे वाक्य आपल्यासाठी धोक्याचं आहे. आपल्या त्वचेवर आम्लाचं काम आग न होताच व्हायला हवं.

यात उन्हाची भर पडते. दहा टक्के ग्लायकोलिक ३.५ सामूला चार आठवडे लावून अमेरिकेत चाचण्या झाल्या. अतिनील किरणांबद्दलची त्वचेची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली, किरणांनी इजा झालेल्या पेशींची संख्या दुप्पट झाली. वापर थांबवल्यावर आठवडाभरात त्वचा पूर्ववत झाली. दोन टक्के सॅलिसिलिकच्या बाबतीत अशी वाढ आढळली नाही. आणि आपल्याकडचं ऊन कडक. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुपारी अतिनील निर्देशांक दहाच्या वर जातो. शेतात, बांधकामावर, फिरतीच्या नोकरीत दिवस काढणाऱ्यांना, स्कूटरवरून कामावर जाणाऱ्यांना त्या दोन महिन्यांत ग्लायकोलिक बंद ठेवा, असंच मी सांगेन. पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर सुरू करा. आम्ल कुठे पळून जात नाही.

वापरायचं कसं, ते थोडक्यात. नवी बाटली आधी कानामागे किंवा जबड्याखाली, सलग तीन-चार रात्री लावून पाहावी. मग आठवड्यातून एकदा, रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना नाही. वर साधं मॉइश्चरायझर. दोन-तीन आठवडे काही तक्रार नसेल तर आठवड्यातून दोनदा. बहुतेकांना याहून जास्त कधीच लागत नाही. रोज लावायची हौस दुकानदाराच्या सोयीची. आम्लाच्या रात्री रेटिनॉल नको, अक्रोडाचा किंवा कॉफीचा स्क्रब तर कुठल्याच रात्री नको. पार्लरमध्ये आयब्रो, अप्परलिप, ब्लीच किंवा वॅक्सिंग करायचं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर चार-पाच दिवस आम्ल थांबवावं. दोऱ्याने आणि वॅक्सने वरचा थर आधीच निघालेला असतो. दिवाळीचं उटणं अवश्य लावा, फक्त त्या आठवड्यात चेहऱ्यावर आम्ल लावू नका.

हात-पाय जास्त सोशीक असतात. दंडावर आणि मांड्यांवर बारीक खरखरीत पुरळ असतं, काटा आल्यासारखं. त्यावर दहा-बारा टक्के लॅक्टिकचं किंवा युरियाचं लोशन छान काम करतं. भेगाळलेल्या टाचांवरही युरिया. वज्रीने घासून घासून रक्त काढण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. आपल्याकडे वांग, डाग, काळेपणा यांसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली क्रीमं सर्रास लावली जातात. त्यांपैकी कितीतरी क्रीमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा लखलखतो, म्हणून ट्यूब वर्षानुवर्षं चालू राहते, शेजारणीला, बहिणीलाही दिली जाते. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. हा प्रकार इतका वाढला, की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं स्वतंत्र नावच दिलं आणि त्यांच्या संघटनेला त्याविरुद्ध मोहीम हाती घ्यावी लागली. अशा चेहऱ्यावर पाच टक्क्यांचं सौम्य लॅक्टिकही भाजल्यासारखं झोंबतं. तेव्हा आम्ल घेण्याआधी घरातल्या प्रत्येक ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं, तर आम्ल बाजूला ठेवा. ट्यूबही एकदम बंद करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. आणि वांग आम्लाने बरा होईल या आशेवरही राहू नका. त्याच्या मागे ऊन, उष्णता, संप्रेरकं असं बरंच काही असतं.

जास्त झालं हे ओळखायचं कसं? चेहरा ताणल्यासारखा, मेणासारखा चकाकू लागतो आणि हुळहुळा होतो. नुसतं पाणी झोंबतं, रोजचं मॉइश्चरायझरही लागतं. हे दिसलं की सगळं थांबवायचं. सौम्य फेसवॉश, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, तीन-चार आठवडे याशिवाय काही नाही. पुन्हा सुरुवात करताना निम्म्या वेळा, किंवा मोठ्या रेणूचं आम्ल. काळसर डाग पडायला लागला असेल, तर मात्र तीन-चार आठवडे वाट पाहत बसू नका. त्यावर लवकर उपचार सुरू झाले तर तो उथळ असतानाच आटोक्यात येतो.

खरखरीतपणातला फरक दोन-तीन आठवड्यांत हाताला लागतो. मुरुमांना सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात, डागांना किमान तीन महिने. एवढ्या काळात काहीच बदललं नाही, तर टक्केवारी वाढवू नका, निदान तपासून घ्या. अनेकदा ज्याला आपण मुरूम समजतो ते बुरशीचं पुरळ असतं, आणि मानेवरचा जो काळपटपणा आपण मळ समजून घासतो, तो वाढलेल्या इन्सुलिनचा इशारा असतो. तिथे कोणतंच आम्ल कामाचं नाही, रक्तातली साखर तपासून घ्यायला हवी. मानेच्या त्या काळपटपणाबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर.