भायखळा-परळची मते

एकाच मतदारसंघातून दोन-तीन सभासद निवडून देण्याची पद्धत आपल्या देशात १९६१ पर्यंत होती, हे नव्या पिढीस ठाऊक नसेल. तिचा इतिहास बडोदेकरांस मात्र अगदीच परका नाही. ज्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने १९१३ साली अमेरिकेस जाता आले, त्यांचा एक मोठा जय आणि एक मोठा पराजय अशाच मतदारसंघांत घडला.

१९३७ साली मुंबई विधानसभेसाठी बाबासाहेब भायखळा-परळमधून उभे होते. राखीव जागेवर समोर काँग्रेसचे पाळवणकर बाळू, म्हणजे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे नामांकित गोलंदाज! बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली.

त्या वेळी जितक्या जागा, तितकी मते मतदाराच्या हाती असत आणि ती सारी एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. मुंबईत ही मुभा असावी, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. कारण उघड आहे. पुणे करारानंतर राखीव जागेसाठीही सर्वांनीच मत द्यायचे होते. तेव्हा अल्पसंख्य समाजाने आपली मते एकवटली, तरच त्याच्या मनातला माणूस निवडून येणार!

स्वातंत्र्यानंतर ही मुभा गेली. दोन मते दोन निरनिराळ्या उमेदवारांनाच देता येऊ लागली. १९५२ साली लोकसभेच्या उत्तर मुंबई या दुहेरी मतदारसंघात नारायणराव काजरोळकरांनी बाबासाहेबांचा १४,५६१ मतांनी पराभव केला. त्याचे हे एकच कारण नव्हे. काँग्रेसचा जोरही मोठा होता. पण नियम बदलला होता, हेही खरे.

पुढे १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवारानेच जिंकली आणि व्ही. व्ही. गिरी पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल कायम राहिला. १९६१च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघच मोडले.

मी गाणे शिकवतो. समूहगानात बारीक आवाजाच्या मुलाला नुसते पुढे उभे करून भागत नाही. त्याने काय गावे, हे इतरांनीच ठरवले तर तो आवाज त्याचा कसा? आजही राखीव मतदारसंघात मत सर्वांचेच असते. भायखळा-परळने विचारलेला प्रश्न म्हणूनच अद्याप सुटलेला नाही.