टी-पेशीचा ग्राहक रेणू

आपल्या रक्तातून अहोरात्र गस्त घालणाऱ्या टी-पेशीला स्वकीय आणि परकीय यांतला भेद ज्याच्यामुळे कळतो, तो तिच्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणू म्हणजे बहुधा अल्फा आणि बीटा या दोन प्रथिनशृंखलांची गंधकबंधाने जखडलेली जोडी होय. प्रत्येक शृंखलेचा पेशीलगतचा भाग स्थिर असतो, तर टोकाकडचा पेशीगणिक पालटतो. या टोकाला प्रत्येकी तीन नाजूक वळसे असतात, आणि सारी खुबी त्यांच्यातच आहे.

विषाणूचा तुकडा त्यांना सुटा ओळखता येत नाही. बाधित पेशी तो एमएचसी नामक प्रथिनाच्या खोबणीत, अर्जाला जोडलेल्या दाखल्यासारखा, बाहेर मांडते, तेव्हाच त्याची रुजुवात होते: पहिले दोन वळसे बहुतांशी खोबणीच्या काठांवर टेकतात आणि तिसरा, सर्वांत वैविध्यपूर्ण, जेमतेम आठ-दहा अमिनो आम्लांच्या त्या तुकड्याला भिडतो. ही दुहेरी अट डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी कॅनबेरा येथे १९७०च्या दशकात उघडकीस आणली. त्या मीलनाची आकृती क्ष-किरणांनी दाखवली ती १९९६ साली, आणि योगायोग असा, की त्याच वर्षी त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इतका चोखंदळ असूनही हा रेणू स्वतः मुकाच. त्याची पेशीच्या आतली शेपटी इतकी तोकडी, की वर्दी पोचवण्याचे काम शेजारी तैनात असलेल्या सीडी-३ संकुलाला करावे लागते. मुंबईच्या आयआयटीत घडवलेल्या ज्या सीएआर-टी या कर्करोगावरील उपचाराला २०२३ साली भारतात परवाना मिळाला, त्यातील कृत्रिम ग्राहकालाही आतून याच संकुलाची झीटा शृंखला जोडलेली आहे.